सुईची चपटी बाजू

बालाघाटात बुढी गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हिरव्या खिडकीचं एक घर होतं. सकाळची भांडी-धुणी आटोपली की त्या खिडकीतून मशीनची खडखड सुरू व्हायची, ती बाया पुन्हा पाण्याला निघेपर्यंत चालायची. विमलाबाईंचं घर ते. मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोलक्यांचा जन्म तिथला.

"माप बी नाई घेत व ती! नुसतं पाहाते अन् कात्री चालवते."

"हाताले गुन आहे बाई तिच्या. असा हात देवाकडूनच यावं लागते."

हे असलं काही कानावर आलं की विमलाबाई मान खाली घालून दातांनी दोरा तोडायची. तोडायला दोरा नसला तरी तोडल्यासारखं करायची. बायांना वाटायचं, लाजली. कुणी म्हणायचं, गर्व नाही बाईला, एवढी कला असून. आणि विमलाबाई मनात म्हणायची, बोला, बोला. तुम्हाला काय माहीत, हा हात कुणाचा आहे ते.

हात मैनाबाईचा होता. विमलाबाईच्या मोठ्या नणंदेचा.

त्याची गोष्ट अठ्ठावन्न साली सुरू झाली. मैनाबाईचा नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला होता. पावसाळ्यात ताप आला, नवव्या दिवशी माणूस गेला. तीन वर्षांची कमला कडेवर घेऊन मैनाबाई माहेरी आली ती थेट न्हाणीघराकडं गेली आणि भांडी घासायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा भाऊ भोजराज, म्हणजे विमलचा नवरा, तहसील कचेरीत बाबू. तो दारात उभा राहून बघत राहिला.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "बाईनं काय जलमभर आपली भांडी घासावी का? मी मशीन आनतो. कपडे शिवायची. स्वतःच्या पायावर उभी राहीन."

सासू गोदाबाई म्हणाली, "मशीन! अन् चालवन कोन?"

"बाई चालवन. मी कोनासाठी म्हनून राह्यलो?"

विमल तेव्हा एकोणीस वर्षांची. रामपायलीहून लग्न होऊन आलेली, हिंदी शाळेत सहावी पास. ती चुलीपाशी पोळ्या लाटत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. आजवर विचारलं नव्हतंच.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी गोंदियाहून छोट्या रेल्वेनं लाकडी पेटी आली, आणि पेटीबरोबर एक म्हातारा मिस्त्री. चष्म्याची एक काडी नव्हती, तिथं सुतळी बांधलेली. ओसरीत बसून त्यानं पेटी फोडली. आधी लोखंडी पाय निघाले, वेलबुट्टीचे. मग पायडल, मग मोठं चाक, मग काळी कुळकुळीत मशीन, तिच्या अंगावर सोनेरी नक्षी. कमला टाळ्या पिटायला लागली.

मिस्त्रीनं पाय जोडले, फळी बसवली, चामड्याचा पट्टा चाकावरून फिरवून आवळला. मग तेलाची कुपी काढली. "जहाँ छेद दिखे, वहाँ एक बूँद. बस. ज्यादा नहीं. मशीन है, भजिया नहीं तलना है."

मैनाबाई खांबाला टेकून उभी होती. हात पाठीमागं बांधलेले, डोळे मात्र मिस्त्रीच्या बोटांवर.

"कौन चलाएगा?" मिस्त्रीनं विचारलं.

भोजराजनं बोट दाखवलं. "ये. मेरी बहन."

"आ बेटी, बैठ. अभी धागा नहीं डाला, खाली पाँव चला."

मैनाबाई स्टुलावर बसली. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं. दुसऱ्यांदाही उलटं. कमला खिदळली. मिस्त्री म्हणाला, "एड़ी और पंजा, दोनों. जैसे झूले में बच्चे को सुलाते हैं ना, वैसे."

मैनाबाईनं कमलाकडं पाहिलं. पाय हलवला. टक्... टक्... टकटकटक. चाक सुरळीत फिरायला लागलं. वेग वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला, आणि कुठंही धक्का नाही. मिस्त्रीनं चष्मा वर सरकवला.

"लो! इसका पाँव तो बैठ गया! मेरी घरवाली को छह महीने लगे थे."

मैनाबाई हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. विमल चहा घेऊन दारात उभी होती, तिनं ते हसू पाहिलं. आणि खरं सांगायचं तर, ते तिला कुठंतरी बारीकसं टोचलं. तेव्हा तिला वाटलं, चहाचा चटका असेल.

मिस्त्रीनं रीळ लावून दोरा कसा ओवायचा ते दाखवलं, बॉबिन भरून दाखवली, चिंधीवर एक सरळ शिवण मारून दिली. जाताना एक छापील पर्चा भोजराजच्या हातात दिला. "ये संभाल के रखना बाबूजी. जो मैं बताना भूल गया, सब इसमें लिखा है." भोजराजनं तो मशीनच्या खणात टाकला. घरात हिंदी वाचणारी माणसं दोन, भोजराज आणि विमल. मैनाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. विळी, कोयता, कुऱ्हाड सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं. यंदा मशीनपण होती.

गोदाबाई म्हणाली, "सूनबाई, मशीनले हळद-कुंकू लाव. अन् सुई काढून दुधानं धुवून घे. कोयत्याची जशी धार धुतो आपन, तशी हिची सुई. तेच तिचं तोंड."

विमलनं बारका स्क्रू सैल केला. सुई काढली. दुधानं धुतली, पाण्यानं धुतली, टोकाला हळदीचं बोट लावलं आणि पुन्हा जागी बसवून स्क्रू आवळला. सुई पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. सुईच्या वरच्या टोकाला एक बाजू गोल असते आणि एक चपटी, आणि चपटी बाजू कुठल्या अंगाला हवी याचा काही नेम असतो, हे तिला कुठून माहीत असणार?

नारळ फुटला. आता पहिला टाका.

"विमलच्या हातानं होऊ दे," गोदाबाई म्हणाली. "सवाष्णीचा हात."

"नाई," भोजराज म्हणाला. "मशीन बाईची आहे. टाका बाईच घालन."

"अरे पन आज सणाच्या दिवशी..."

"आई!"

मैनाबाई बसली. कमलाच्या झग्यासाठी आणलेलं गुलाबी छिटाचं कापड सुईखाली सरकवलं. पाय चालला, काल चालला होता तसाच, सुरळीत. पण दोरा तुटला. पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला नाही, पण कापडावर नुसती भोकं पडत गेली. टाका एकही नाही. खाली दोऱ्याचा गुंता झाला, गुलाबी कापड त्यात ओढलं गेलं आणि टरकन फाटलं.



"म्हनलं होतं ना म्या," गोदाबाई हळूच म्हणाली. हळू म्हणाली म्हणूनच ते जास्त लागलं.

मैनाबाई उठली. पदराच्या टोकानं तिनं मशीनचं चाक पुसलं, जिथं तिचा हात लागला होता तिथं. मग फाटलेलं कापड घडी करून आत गेली.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर विमलनं खणातला पर्चा काढला. नुसतं कुतूहल. आतल्या पानावर सुईचं चित्र होतं, हाताच्या बोटाएवढं मोठं. चपट्या बाजूवर बाण. खाली लिहिलेलं, सुई उलटी बसली तर टाके सुटतील, दोरा तुटेल. विमलनं वाकून मशीनकडं पाहिलं. पुन्हा चित्राकडं पाहिलं. आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. माझ्याच हातानं झालं हे.

तिनं सुई काढून फिरवून बसवली, चिंधी लावली, पाय चालवला. अडखळत, धक्के देत, मैनाबाईसारखं सुरळीत काही नाही. पण टाका पडला. दुसरा पडला. ओळ उमटली.

आवाजानं गोदाबाई उठून आली. "अगं माय! पाहा! चालली! सवाष्णीचा हात लागला अन् चालली!" शेजारच्या दुर्गाबाईला तिनं भिंतीवरूनच हाक मारली. "ये व दुर्गा, आमच्या सुनंचा हात पाहाय!"

विमलनं तोंड उघडलं. "आत्याबाई, ते सुई..."

"काय सुई?"

गोदाबाईच्या मागं मैनाबाई उभी होती. कमला कडेवर, नजर मशीनवरून विमलकडं वळलेली. दुर्गाबाई भिंतीवरून डोकावत होती. तिघी विमलकडं बघत होत्या. घरात आल्यापासून तीन वर्षांत तिच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"सुई... चांगली आहे," विमल म्हणाली.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. मग परवा. मग दिवाळीनंतर. दिवाळीला तिनं कमलाचा झगा शिवला, दुर्गाबाईचं पोलकं शिवलं, आणि दुर्गाबाई पोलकं घालून सगळ्या मोहल्ल्यात फिरली. 'सूनबाई, पाणी आन' ची 'विमल, तू शिवत बस, पाणी मैना आनते' झाली. खरंच मैनाबाई पाणी आणायची. स्वयंपाकही तिनंच हातात घेतला. विमलच्या पुढ्यात चहा ठेवून म्हणायची, "पी गरम गरम. मंग शीव."

आणि ती जायची तेव्हा पायडलकडं एकदा बघून जायची.

वर्ष गेलं. एका शनिवारी भोजराज म्हणाला, "बाईनं परत बसून पाहावं म्हनतो. नवीन होती तवा मशीन, अडली असन. विमल, तू शिकव तिले. उद्या माहीबी सुट्टी आहे."

"हौ," विमल म्हणाली.

"खरंच शिकवशीन व?" मैनाबाईनं आतून विचारलं. आवाजात काय होतं ते विमलला पुढं अनेक वर्षं आठवायचं.

रविवारी सकाळी विमल मशीन पुसायला गेली. फडक्यानं फळी पुसली, चाक पुसलं. मग स्क्रू सैल केला, सुई काढली, फिरवली, उलटी बसवली आणि स्क्रू आवळला. हे कसं झालं, असं तिनं स्वतःला नंतर हजारदा विचारलं. काही ठरवलं नव्हतं, असं ती म्हणायची. पण फडक्यानं आपोआप सुई फिरत नाही. स्क्रू दोन बोटांत धरून पिळावा लागतो.

मैनाबाई न्हाऊन, केस चापूनचोपून बांधून आली. विमलनं तिला पितळी पेल्यात चहा दिला. समोर बसली. "हळू चालवा, मैनाबाई. घाई नका करू." असंही म्हणाली.

चारदा दोरा तुटला. भोजराज जवळ येऊन वाकून बघत होता, त्याला काही कळत नव्हतं. पाचव्यांदा मैनाबाईनं ओवलाच नाही. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत बसली.

"राहू दे भोजराज. माह्या हातातच नाई ते."

महिन्याभरात ती कमलाला घेऊन राजेगावला गेली, दिराच्या घरी. बाईचं ओझं माहेरावर किती दिवस, असं स्वतःच म्हणाली. तिथं दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, रोवणीला जाऊ लागली. वर्षाचे दोन महिने हात चिखलात.

इकडं घरात एक बोलणं पडून गेलं. लोणचं नासलं, की 'मैनाचा हात लागला असन.' कंदिलाची काच तडकली, की 'मैना आली होती का?' हसत हसत. मैनाबाई सणाला आली की स्वतःच म्हणायची, "मी नाई बाप्पा हात लावत दह्याले, तुमचं विरजन बिघडन." सगळे हसायचे. विमल दोरा तोडायची. गोदाबाई पासष्ट साली गेली, तेच मानत गेली.

दर खंडेनवमीला विमलाबाई मशीनला हळद-कुंकू लावायची. चाकाला, पायडलला, खणाला. सुईला मात्र कधी लावलं नाही. आणि पर्चा तिनं कपड्यांच्या पेटीत, तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवला होता. फाडायला दोनदा काढला, फाडवला नाही.

चौऱ्याहत्तर साली चैत्रात मैनाबाई आली. कमलाचं लग्न ठरलं होतं. उन्हाची आली, काखेत छत्री, आणि छत्रीच्या वाकड्या दांड्याला अडकवलेली एक पिशवी, अंगापासून हातभर लांब धरलेली. जणू आत मांजर आहे.

"हे काय व असं?" विमलाबाईनं हसून विचारलं.

"तूच काढ बाई आतलं. कमलाच्या हळदीच्या चोळीचं कापड आहे. घडी बी कमलानंच घातली. म्या नाई लावला हात."

पिशवी तिनं बाजेवर टेकवली आणि छत्री सोडवून घेतली, तीही सांभाळून. पिवळं कापड होतं, काठाला लाल रेघ.

"आपल्या इकडं चोळीचा पहिला टाका मायचा राह्यते, तुले तं माहीतच आहे," मैनाबाई भिंतीला टेकून बसत म्हणाली. "पन माहा हात काय कामाचा? दोरा तुटला म्हनजे? पोरीचा संसार आहे बाप्पा, झगा नाई. कमला म्हने, माय, तूच घाल. म्हनलं, गप. मामी घालन. मामीच्या हाताले गुन आहे."

हे ती मजेत बोलत होती. ओरखडे पडलेले, नखांत काळपट झालेले तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. तसेच. त्या रविवारी पडले होते तसेच.

विमलाबाईनं कापड उलगडलं आणि पुन्हा घडी केलं.

"मैनाबाई."

"काय व?"

"तुमच्या हातात काही वाईट नवतं."

"जाऊ दे आता ते."

"जाऊ नाई देत. त्या दिवशी पुजेले म्या सुई काढली होती ना धुवाले? ते म्या उलटी बसवली होती. माहीत नवतं मले. उलट्या सुईनं कोनाचाच टाका पडत नाई. देवीनं चालवली तरी दोरा तुटन."

मैनाबाई बघत राहिली. डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. आणि ती हसायला लागली. भिंतीवर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"म्हनजे सुईच उलटी! अगं माय माय! अन् मी पंधरा वर्षं लोणच्याच्या बरणीले पदरानं धरून राह्यली! आईले पाहिजे होतं आता इथं! अगं, पन तू सांगितलं नाई?"

"दुपारी कळलं मले. पर्च्यात होतं. सांगनार होती. आत्याबाईनं सगळ्यांले बोलावलं, कौतुक केलं... मले लाज वाटली."

"पोरगी होतीस व तू बी. एकोनीस वर्षाची." मैनाबाईनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. हात उचलून तिनं स्वतःच्या नजरेसमोर धरले, उलटे पालटे केले. "चांगले होते का मंग हे?"

विमलाबाईला इथंच थांबता आलं असतं. माफी मिळाली होती, मागण्याआधी. चहा ठेवायला उठावं, असं वाटून ती अर्धी उठलीही.

"पन मंग," मैनाबाई सहज म्हणाली, "तवा दुपारी तू सुई सरळ केली. वर्षभर तू शिवत होती. मंग दुसऱ्यांदा मी बसली तवा काहून तुटला दोरा?"

विमलाबाई पुन्हा खाली बसली.

'काय माहीत बाई' असं म्हणायला जीभ टाळ्याला लागली होती. तीन शब्द. मैनाबाईनं ते मानले असते. आजवर तिनं सगळंच मानलं होतं.

"तवा म्या जानून फिरवली."

खिडकीबाहेरून सायकल गेली, घंटी वाजवत. मैनाबाईनं वळून सायकलकडं पाहिलं, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

"जानून."

"हौ."

"सकाळी?"

"तुमी न्हाऊन राह्यल्या होत्या तवा."

"अन् मंग मले चहा देल्ला तू." मैनाबाई एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होती. "पितळी पेल्यात. समोर बसली. म्हनली, हळू चालवा, घाई नका करू."

"हौ."

"काहून?"

पंधरा वर्षं विमलाबाईनं या प्रश्नाची उत्तरं जमवली होती. भीती वाटली. लहान होते. घरात माझं म्हणून काही नव्हतं. त्यातलं एकही आता धड उभं राहीना.

"तुमी माह्यापेक्षा चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी तुमचा पाय बसला होता. मिस्त्री म्हनला तसं. तुमी शिकल्या असत्या तं मले परत कोनी विचारलं नसतं."

विमलाबाई उठून पेटीपाशी गेली, तळातून पर्चा काढून आणला, घड्यांवर झिजलेला. मैनाबाईनं तो उलगडला. अक्षरांवरून नजर घसरत गेली आणि एका ठिकाणी अडली.

"हे तं चित्र आहे."

"हौ."

"बान दाखवला आहे." तिनं बोट ठेवलं. "मले वाचता नाई येत, विमल. पन डोळे होते ना मले? हे नुसतं खनात राहू देल्लं असतं तरी मी पाह्यलं असतं."

विमलाबाईला रडू फुटलं. मैनाबाईनं तिला उगी केलं नाही. जवळ घेतलं नाही, ओरडलीही नाही. रडणं थांबेपर्यंत चित्र बघत बसली, आणि मग उठून मशीनपाशी गेली.

"सुई कशी काढतेत?"

"मी दाखवते..."

"हात नको लावू. तोंडानं सांग."

विमलाबाईनं हात मागं घेतले, पाठीशी बांधले. तोंडानं सांगितलं. मैनाबाईनं स्क्रू सैल केला, सुई काढून खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यानं चपटी बाजू चाचपली. मग मुद्दाम उलटी बसवली. चिंधी घेतली. दोरा काही ओवेना, डोळ्यांना छिद्र दिसेना. तिनं न बघता रिळाचं टोक विमलाबाईकडं सरकवलं. विमलाबाईनं ओवून दिलं.

पायडलवर पाय गेला. एकदा चाक उलटं फिरलं. मग टक्... टक्... टकटकटक. दोरा तुटला.

"हौ," मैनाबाई म्हणाली. सुई काढली, फिरवली, बसवली. "ओव."

पुन्हा पाय चालला. चिंधीवर ओळ उमटत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, किंचित वाकडी, पण एकही टाका सुटलेला नाही. ती तिनं उचलून जवळ धरली, लांब धरली. मग चिंधी कमरेला खोचली.

"कापड काप. मापानं काप. शिवीन मीच."

दोन दिवस मैनाबाई मशीनवर होती आणि विमलाबाई खाली चटईवर, हुका-काजाला. बोलणं कामापुरतं. "बाही दे." "ओव." "इथं दुमड किती?" भोजराज कचेरीतून आला, बहिणीला मशीनवर पाहून दारातच थबकला, "अरे वा, बाई! जमलं का शेवटी?" म्हणाला. दोघींनीही कामातून मान वर केली नाही, तेव्हा आपण काही चुकीचं बोललो असं वाटून बिचारा हातपाय धुवायला गेला.

तिसऱ्या दिवशी चोळी झाली. निघताना मैनाबाईनं ती छातीशी धरली. छत्री विसरली, परत येऊन घेऊन गेली.

"मैनाबाई, मशीन घेऊन जा," विमलाबाई म्हणाली. "तुमचीच आहे. मी बैलगाडी सांगते."

"माहे डोळे गेले आता. सुई कोन ओवून दीन?" मैनाबाई पायरी उतरली आणि थांबली. "हे मले एकटीले सांगून भागत नाई, विमल. पंधरा वर्षं मी काय एकटीच ऐकून राह्यली होती का माह्या हाताचं? सगळे बोलत होते. राजेगावात बी बियाणाले हात लावू देत नाई मले. लग्नाले ये. हळदीच्या दिवशी बाया चोळी पाहातीन, कोनं शिवली विचारतीन. म्या नाई सांगनार. तू सांगशीन. पुरं. चहासकट."

राजेगावला हळद होती. अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, मांडवाबाहेर पुरुषमंडळी, त्यांत पाय लांब करून बसलेला भोजराज. कमला पाटावर, अंगात पिवळी चोळी. मैनाबाई आतल्या दाराच्या उंबऱ्याच्या आत उभी, विधवेनं उभं राहायचं तिथं.

बालाघाटहून आलेली दुर्गाबाई, म्हातारी आता, वाकून चोळीचा गळा बोटांनी चाचपत म्हणाली, "काय व विमल, बसली आहे चोळी! पन ही इथं शिवण थोडी वाकडी दिसते. तुही शिवण अशी नाई राहात. घाई झाली का?"

एक बाई हसली. "मामीचा हात आहे, वाकडा बी गोडच लागन पोरीले."

हळदीच्या वाटीत विमलाबाईची बोटं बुडालेली होती. तिनं ती बाहेर काढली. समोर कमला मान वर करून तिच्याकडं बघत होती. मांडवाच्या कडेला भोजराज कुणाशी तरी बोलत होता, ऐकू जाईल इतकाच लांब. उंबऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"ही चोळी म्या नाई शिवली," विमलाबाई म्हणाली. आवाज फुटत होता, म्हणून तिनं तो मोठा केला. "मैनाबाईनं शिवली. पयला टाका तिचाच. अन् दुर्गाबाई, त्या खंडेनवमीले तुमी भिंतीवरून पाहात होत्या ना, ते मी आता सांगते. सगळ्याच ऐका. सुई म्या उलटी लावली होती."

वाटी कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतली. मांडवाबाहेरचं बोलणं थांबलं. विमलाबाईनं हळदीची बोटं पदराला पुसली, आणि पितळी पेल्यापर्यंत यायला अजून बरंच सांगायचं होतं, म्हणून ती खाली बसली.